सोंगाची उमेदवारी

नवखा खेळाडू पहिल्यांदा स्वतःचं पात्र लिहून आणतो तेव्हा ते बहुधा अनाथ असतं, देखणं असतं आणि तलवारीत कुणाला हार जाणारं नसतं. वय सोळा-सतरा. आईबापांचा खून झालेला. एखाद्या बुडालेल्या राजघराण्याचा शेवटचा वारस, पण ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितलेली नाही, फक्त वाचणाऱ्या सगळ्यांना ती पहिल्या परिच्छेदातच कळते. समोर चारपाच जुनी, मुरलेली मंडळी खेळायला बसलेली असतात. या पोराशी काय बोलावं हे त्यांना कळत नाही, कारण त्याला कुणाकडून काहीच नको असतं. तो जखमी होत नाही, चुकत नाही, कुणाला काही विचारत नाही. दोन आठवड्यांत त्याच्याशी बोलणारं कुणी उरत नाही आणि ‘इथे नव्या माणसाला कुणी विचारत नाही’ असं म्हणून तो निघून जातो.

पुढची पानं अशा नवख्यांसाठी आहेत, आणि त्यांना हाताखाली घेणाऱ्या जुन्यांसाठीही. पण त्याआधी ज्यांना हा खेळच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं.

लिहून खेळायचा हा भूमिका-खेळ. खेळणारी माणसं एकमेकांना बहुतेक वेळा कधी भेटलेलीही नसतात. एक जण मुंबईत, एक बंगळुरूत, एक कोल्हापूरकडच्या आजऱ्याच्या स्टँडमागच्या खोलीत. प्रत्येकाकडे एक पात्र. एकाने आपल्या पात्राचं बोलणं-वागणं चार ओळींत लिहायचं, मग दुसऱ्याने आपल्या पात्राकडून त्याला उत्तर द्यायचं. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत, पडदा नाही. एक सूत्रधार असतो. तो जग सांभाळतो, म्हणजे पाऊस कधी पडला, वेशीवर कोण आलं, राजा जिवंत आहे की मेला, हे ठरवतो. एकेक कथा महिनोन्‌महिने चालते, काही तर वर्षानुवर्षं. शिकाऊ खेळाडूचं पात्र कथेतही बरेचदा शिकाऊच असतं: कुणा योद्ध्याचा शिष्य, वैद्याचा मदतनीस, जहाजावरचा पोऱ्या. त्याच्या गुरूची भूमिका एखादा अनुभवी खेळाडू करतो. म्हणजे उमेदवारी दुहेरी चालते. पात्र कथेत शिकतं आणि पात्रामागचं पोर लिहायला शिकतं.

या खेळाचा अलीकडचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा हा खेळ. त्यात पात्राने पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची असे. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराला एकच मंत्र येई, तो वापरला की दिवसभर हात बांधलेले, आणि एखाद्या किरकोळ तलवारीच्या घावानेही तो मरू शके. वरची पायरी अनुभव साठला की मिळायची. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर, निव्वळ शब्दांतून, अनेकांनी एकत्र खेळायचं एक जग रचलं. रिचर्ड बार्टल याने ते पुढे वाढवलं. तिथून ही परंपरा फोनवरच्या आजच्या गटांपर्यंत आली. या प्रवासात एक गोष्ट गळून पडली, आणि माझ्या मते नवख्यांच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथेच आहे. फासे आणि आकडे होते तोवर धीर नियमातच बांधलेला होता. पहिल्या दिवशी तुम्ही दुबळेच असणार, त्यावर वाद नाही. निव्वळ लिहून खेळताना मोजणारं कुणी उरलं नाही. ‘मी एका फटक्यात सात जणांना लोळवलं’ असं लिहायला लागतं ते फक्त बोट. पायऱ्यांचा जिना नियमपुस्तकातून निघाला, तो आता खेळणाऱ्याने स्वतःच्या मनात बांधायचा आहे, आणि सोळाव्या वर्षी असा जिना बांधायची हौस कुणालाच नसते.

अशा अजिंक्य पात्राची थट्टा फार आधीच झाली आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ या अमेरिकन बाईंनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या एका छोट्या नियतकालिकात एक इटुकली विनोदी कथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू: आरमारातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, वय साडेपंधरा. तिला सगळं येतं, सगळे तिच्या प्रेमात पडतात, शेवटी ती मरते तेव्हा सगळे धाय मोकलून रडतात. चाहत्यांनी हौसेने लिहिलेल्या कथांमध्ये अशा नायिकांचा इतका सुकाळ झाला होता की बाईंना राहवलं नाही. आजही जगभरच्या गटांत अशा पात्राला मेरी स्यूच म्हणतात. मला मात्र या चेष्टेत थोडा निर्दयपणा वाटतो. साडेपंधरा वर्षांच्या पोरीला एकदा तरी सगळं यावंसं वाटलं तर त्यात काय बिघडलं? बिघडतं ते समोर दुसरं माणूस खेळत असतं तेव्हा. एकटीने वहीत लिहिलेल्या कथेत मेरी स्यू कुणाचं काही हिरावून घेत नाही. चौघांच्या खेळात ती इतर तिघांची कामं खाते.

आता घरची गोष्ट. आजऱ्याहून सावंतवाडीच्या रस्त्याला लागलं की तासाभरात आंबोली येते आणि घाट उतरला की आपण दशावताराच्या मुलखात शिरतो. भूमिका-खेळ अमेरिकेतून आला हे वर लिहिलं खरं, पण संहितेवाचून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, पात्रात शिरून रात्रभर बोलत राहायची कला या घाटाखाली कित्येक पिढ्या चालत आली आहे. तुळशीचं लग्न आटोपलं की जत्रा सुरू होतात आणि दशावतारी कंपन्या गावोगाव फिरू लागतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर, चेंदवणकर ही नावं त्या भागात शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. संध्याकाळी कंपनीतला जाणता माणूस सगळ्यांना एकत्र बसवतो. आज कोणतं आख्यान, कुणाकडे कोणतं पात्र, कुणाच्या मागून कुणाचा प्रवेश, एवढं सांगतो. लिहिलेलं काही नाही. मग प्रत्येक जण आपापला आरसा घेऊन बसतो, स्वतःचा रंग स्वतः लावतो, स्वतःची साडी किंवा मुकुट स्वतः चढवतो. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच झाडाखालचा दगड, प्रसंगी तोच डोंगर. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर पहाटेपर्यंत जे बोलणं चालतं ते त्या रात्रीपुरतं असतं, उद्या ते तसंच्या तसं होणार नाही.

या बोलण्याचा एक अलिखित कायदा आहे. समोरच्याने जे म्हटलं ते खरं धरायचं. राजा म्हणाला, ‘प्रधानजी, काल रात्री आमच्या स्वप्नात देवी आली’, तर देवी आली; प्रधानाने ‘छे, आपण तर काल झोपलाच नव्हतात’ असं म्हणून समोरच्याचं वाक्य पाडायचं नाही. पाडलं तर प्रेक्षक हसतील, पण आख्यान तिथेच बसेल. इंग्रजी नाटकवाल्यांमध्ये कीथ जॉनस्टन यांनी १९७९ च्या आपल्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात हाच नियम फार तपशिलात मांडला आहे. समोरच्याने पुढे केलेली गोष्ट नाकारू नका, घ्या आणि पुढे न्या. आमच्या दशावतारी नटांनी ते पुस्तक वाचलेलं नसतं. त्यांनी लहानपणी रंगपटाच्या कोपऱ्यात बसून रात्री काढलेल्या असतात. नव्या पोराला पहिल्या दिवशी राजापार्ट मिळत नाही, खलनायकाचा राक्षसही मिळत नाही. तो सामान उचलतो, झांज धरतो, एखाद्या प्रवेशात दूत होऊन ‘महाराज, आज्ञा’ एवढंच म्हणतो. पण ते म्हणतानाही त्याला शिकायचं असतं ते हे, की राजाचं बोलणं कुठे संपलं, ते त्याच्या श्वासावरून कसं ओळखायचं. ‘आज्ञा’ घाईने म्हटलं तर राजाचं पुढचं वाक्य मरतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे नट एकत्र येऊन करतात त्या संयुक्त दशावतारात या तालमीची खरी परीक्षा होते. तिथे समोर कोण काय काढील याचा नेम नसतो आणि ज्याला ऐकता येतं तोच टिकतो.

संकासुराबद्दल एक शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, विषयाला सोडून असला तरी. काळ्या मुखवट्याचा हा असुर वेद चोरतो आणि ठेठ मालवणीत लोकांची फिरकी घेतो, तर देव मात्र शुद्ध मराठीत बोलतात. कुठल्या पात्राची भाषा कोणती, एवढ्या एका निवडीतून आख्यान सुरू व्हायच्या आधीच सगळ्या जगाची रचना प्रेक्षकाला कळते. ऑनलाइन गटांत कोल्हापूर-सांगलीची पोरं बहुतेक इंग्रजीतच खेळतात आणि त्यांची सगळी पात्रं, राजे आणि चोर, एकाच इंग्रजीत बोलतात. तीही सिनेमांतून शिकलेली. मराठीत खेळलं तर शिष्याने गुरूला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, आणि वर्षभराने ती दोघं कोणत्या प्रसंगी त्यातून बाहेर पडतील, हे एक वेगळंच भांडार हाती येतं. ते वापरणारा गट मी अजून फारसा पाहिलेला नाही.

देशावरही संहितेवाचून बोलणं नवं नव्हतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही पद्यं सूत्रधार गाई आणि पात्रं त्यावर आयत्या वेळी सुचेल तसं बोलत. छापलेल्या संहितेवरून पाठ करून करायची नाटकं नंतर आली. त्यांना लोक ‘बुकिश’ म्हणत, आणि त्या बोलण्यात थोडं नाक मुरडणंही असे. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ छापलं गेलं ते १८६१ साली. त्यानंतर दीडशे वर्षं आपण नाटक म्हणजे पाठांतर असंच धरून चाललो. उत्स्फूर्त बोलण्याचं शिक्षण सोंगी भजनांत आणि दशावतारात उरलं, आणि शिकलेल्या घरांतल्या पोरांना ते कुणी दिलं नाही. फोनवर ती आज जे करू पाहतात, त्याचे जुने उस्ताद घाटाखालीच होते.

आता आजऱ्याचं सांगतो, कारण या प्रस्तावनेचं मूळ तिथे आहे. ३१ ऑगस्ट १९४० ला या गावात शेतकऱ्याच्या घरी कादंबरीकार शिवाजी सावंतांचा जन्म झाला. शालेय शिक्षण गावातच. शाळकरी वयात एका नाटकात त्यांच्या वाट्याला कृष्णाची भूमिका आली, आणि त्या नाटकातून त्यांच्या मनात कायमचा घर करून बसला तो कृष्ण नव्हे, कर्ण. भूमिका-खेळ खेळणाऱ्याला यातलं मर्म लगेच कळावं. ज्याचं पात्र तुम्ही करता त्याच्यापेक्षा ज्याच्याशी तुमचं पात्र बोलतं त्याच्याकडे तुम्ही जास्त वेळ पाहत असता. कृष्ण झालेल्या पोराने रोज तालमीत समोरच्या कर्णाला पाहिलं, त्याला उत्तरं दिली, त्याला युद्धाच्या आधी पांडवांच्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला असेल किंवा नसेल, पण त्याला नाही म्हणणारा एक माणूस त्याच्यासमोर उभा होता.

पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे, पण मधली वर्षं सहसा कुणी मोजत नाही. टायपिंग आणि लघुलेखन शिकून सावंतांनी कोर्टात कारकुनी केली. १९६२ पासून ते कोल्हापुरात राजाराम प्रशालेत शिक्षक झाले. केदारनाथ मिश्र ‘प्रभात’ यांचं ‘कर्ण’ हे हिंदी काव्य वाचनात आलं. महाभारत वाचणं चालू होतं. कुरुक्षेत्र डोळ्यांनी पाहून आले. कर्णावरची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ मध्ये कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. सत्ताविसाव्या वर्षी एवढी मोठी कादंबरी म्हणजे लोकांना चमत्कार वाटतो. मला त्यात चमत्कार दिसतो तो याच्या उलट. शाळेच्या नाटकापासून कादंबरीपर्यंत एक पात्र त्यांनी मनात वागवलं आणि त्याला बोलायला घाई केली नाही. त्या सगळ्या काळात कर्ण वाढत होता, कारण त्याच्याशी बोलणारी इतर माणसं वाढत होती.

कादंबरीची रचनाच ते सांगते. नऊ खंड, सहा निवेदक. कर्णाकडे त्यातले चार खंड आणि उरलेले पाच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्याकडे, एकेक. कर्णाची गोष्ट कर्णाला सगळी सांगता येत नाही. आईच्या मनात नदीत पेटी सोडताना काय होतं ते कुंतीलाच ठाऊक. मित्राने त्याला का जवळ केलं, त्यात प्रेम किती आणि हिशेब किती, ते दुर्योधनाच्या तोंडून कळतं. धाकटा भाऊ शोण, ज्याला महाभारतात फारशी जागाच नाही, तो दादाकडे खालून वर बघत बोलतो. आणि कर्ण पडल्यावर शेवटचा खंड कृष्णाचा. शाळेतल्या त्या पोराला अखेर कृष्ण म्हणून बोलायची पाळी पुन्हा आली, ती इतर पाच जणांनी आपापलं बोलून झाल्यावर. नवखे खेळाडू मला विचारतात की पात्रात खोली कशी आणायची, तेव्हा मी त्यांना ही रचना दाखवतो. तुमच्या पात्राबद्दल तुम्ही स्वतः जे लिहिता ते फार तर अर्धं. राहिलेलं अर्धं इतरांनी लिहायचं आहे, आणि त्यांना ते लिहायला वेळ हवा, जागा हवी आणि तुमच्या पात्राने त्यांच्याकडून काहीतरी मागायला हवं.

आजरेकर रागावतील, पण एक दोषही सांगतो. ‘मृत्युंजय’मधले सहाही निवेदक जवळपास एकाच अलंकृत आवाजात बोलतात. सूर्य, समुद्र, गरुड यांच्या उपमा सारथ्याच्या मुलाच्या तोंडी जितक्या सहज येतात तितक्याच राणीच्या तोंडी. एकट्याने सहा जणांची सोंगं वठवायची म्हटल्यावर हे व्हायचंच. गटात खेळणाऱ्याला हा त्रास नाही, कारण तिथे सहा पात्रांमागे सहा खरी माणसं असतात, सहा तऱ्हांचं मराठी असतं. कादंबरीकाराला जे कष्टाने कमवावं लागतं ते तुम्हाला बसल्याजागी मिळालेलं आहे, तेवढं वाया घालवू नका.

कर्णाच्याच चरित्रात उमेदवारीचा एक प्रसंग आहे. तो मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो. ब्रह्मास्त्र शिकायचं म्हणून कर्ण परशुरामाकडे गेला आणि मी भृगुकुळातला ब्राह्मण आहे असं सांगून राहिला. म्हणजे त्याने एक पात्र घेतलं. वेष बरोबर होता, बोलणं बरोबर होतं, सेवा बरोबर होती. एके दिवशी गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले असताना एक किडा मांडी पोखरू लागला. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलला नाही. रक्ताच्या ओलाव्याने परशुराम जागे झाले, त्यांनी जखम पाहिली आणि क्षणात ओळखलं: इतकं सोसणारा हा ब्राह्मण नव्हे. शाप मिळाला की ऐन वेळी ते अस्त्र आठवणार नाही.

किती सूक्ष्म गोष्ट आहे पाहा. कर्ण खोटं बोलताना सापडला नाही. पकडला गेला तो काहीही न बोलता, निव्वळ सहन करताना. सोंगात त्याने कुळ बदललं होतं, पण दुखण्यावर त्या कुळातला माणूस कसा वागेल याचा विचार केला नव्हता. तिथे तो कर्णच राहिला. नवखे खेळाडू पात्राचा इतिहास पानभर लिहितात, शस्त्रं लिहितात, केसांचा रंग लिहितात. त्यांना मी एवढंच विचारतो की तुमच्या पात्राला भूक लागली आणि समोर एकच भाकरी असली तर ते काय करील? ओळखीच्या माणसाने चारचौघांत अपमान केला तर घरी जाऊन काय करील? याची उत्तरं पानभर इतिहासात नसतात. ती पंधराव्या, विसाव्या प्रसंगी खेळताना सापडतात, आणि सापडली की पहिल्या दिवशी लिहिलेला इतिहास बराचसा खोडावा लागतो. खोडू द्यावा.

याउलट पात्र कसं निवडावं ते विराटाघरी दिसतं. अज्ञातवासाच्या वर्षात पाच पांडव आणि द्रौपदी यांनी जे केलं तो आपल्या वाङ्‌मयातला सर्वांत मोठा भूमिका-खेळ म्हणायला हरकत नाही, आणि त्यात हरलं तर पुन्हा बारा वर्षं वनवास होता. त्यांनी निवडलेली पात्रं पाहा. जुगारापायी राज्य गमावलेला युधिष्ठिर कंक होतो, म्हणजे राजाबरोबर फासे खेळणारा. खादाड आणि मल्ल भीम स्वयंपाकघरात बल्लव होतो. नृत्य-गायन शिकून आलेला अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवतो. नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी राणीच्या वेण्या घालणारी सैरंध्री. एकानेही सिंहासन घेतलं नाही, आणि एकानेही आपल्याला न येणारं काम घेतलं नाही. आधी कुठे होतात असं विचारल्यावर बहुतेकांनी युधिष्ठिराच्या दरबारी चाकरीला होतो असं सांगितलं. खोट्यात खऱ्याचा एवढा मोठा तुकडा मिसळला की ते सांभाळायला सोपं जातं. आजऱ्यातल्या ज्या पोराने गुऱ्हाळावर रात्र काढली आहे त्याने परदेशातल्या सरदारापेक्षा गुळव्याचं पात्र घेतलं तर त्याला कढईच्या तोंडाशी काय दिसतं ते शोधायला जावं लागत नाही.

आता धीर म्हणजे नेमकं काय करायचं, यावर थोडं. धीर म्हणजे गप्प बसणं नव्हे, आणि एका बाजूला उभं राहून मोठ्यांचा खेळ बघणंही नव्हे. खेळाडूला जे ठाऊक आहे ते पात्राला ठाऊक नसणं, ही पहिली गोष्ट. दुसऱ्या दालनात कट शिजल्याचं तुम्ही वाचलेलं असतं, कारण सगळं सगळ्यांना दिसतं. तुमचं पात्र मात्र तिथे नव्हतं. ते बिनघोर त्या कटवाल्याच्या पंगतीला जाऊन बसलं पाहिजे. नवख्याला हे फार जड जातं. त्याचं पात्र उगीचच ‘मला कसलीतरी शंका येतेय’ म्हणत दाराआड उभं राहतं. गटांतली मंडळी याला मेटागेमिंग म्हणतात. दुसरं, दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं हे तुम्ही लिहायचं नाही. ‘मी वार केला’ इथे तुमचं वाक्य संपतं. तो लागला की नाही, किती लागला, हे ज्याला लागायचा तो लिहील. आणि आपल्या पात्राला कधीतरी लागू द्यायचं. प्रत्येक वार चुकवणाऱ्याला गॉडमोडिंग करतो म्हणतात आणि त्याच्याशी लढायला नंतर कुणी येत नाही. हरलेलं द्वंद्व पुढचे सहा महिने पुरतं. जिंकलेलं द्वंद्व त्याच रात्री संपतं, हे मी कितीतरी कथांत पाहिलं आहे.

सगळ्यांत अवघड धीर गुपिताचा. पात्राचं एखादं दुःख किंवा रहस्य असेल तर ते लगेच उघडू नये, हे सगळे सांगतात. पण बंद पेटी नुसती मांडून ठेवली तर लोक तिला विसरतात. कुणाला तरी तिचा कोपरा दिसला पाहिजे, त्याने विचारलं पाहिजे, आणि तुमच्या पात्राने विषय बदलला पाहिजे, तोही थोडा अकुशलपणे. मग विचारणाऱ्याच्या पात्रालाही एक काम मिळतं. गुपित उघडायची वेळ आली हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नसतं. समोरचा पुरेसा जवळ आला की ते आपसूक निघतं, आणि कधी कधी कथा संपते तरी निघत नाही. तेही चालतं.

जुन्या खेळाडूंना दोन शब्द ऐकवायचे आहेत. गुरूची भूमिका मिळाली म्हणून शिष्याला प्रत्येक प्रसंगात धडा द्यायचा नसतो. शहाणपणाचं भाषण लिहायला गोड लागतं, पण समोरच्या पोराला त्यावर ‘होय गुरुजी’ यापलीकडे काही लिहिता येत नाही. शिष्याकडून गुरूचं काहीतरी बिघडू द्या, त्याला एखादी गोष्ट तुमच्याआधी कळू द्या, त्याने तुमचं ऐकलं नाही म्हणून काय झालं ते खेळात येऊ द्या. नाहीतर महिनाभरात तुमचा गुरू मोठा होतो आणि शिष्य होता तिथेच असतो. उत्तर यायला दोन दिवस लागले म्हणून चिडूही नका. त्याची परीक्षा असेल, घरी ऊसतोड असेल, किंवा तो तुमच्या चार ओळींना साजेल असं काही लिहायला धडपडत असेल.

आणखी एक गोष्ट आईवडिलांसाठीही आहे आणि ती आडवळणाने सांगण्यासारखी नाही. कथेतला गुरू हा आयुष्यातला गुरू नव्हे. पडद्यामागे कोण आहे, त्याचं वय काय, हे तुम्हाला माहीत नसतं. खेळाबाहेर नंबर मागणारा, फोटो मागणारा, ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणणारा खेळाडू कितीही सुंदर लिहीत असला तरी त्याच्याशी खेळ तिथेच थांबवायचा आणि गट चालवणाऱ्याला व घरच्या मोठ्या माणसाला सांगायचं. चांगल्या गटांत पात्रांचं बोलणं आणि खेळाडूंचं बोलणं वेगवेगळ्या जागी होतं, आणि पात्रं एकमेकांचा गळा धरत असताना खेळाडू दुसरीकडे ‘जास्त तर होत नाही ना?’ असं विचारत असतात. ज्या गटात हे विचारायची पद्धत नाही तिथे शिकाऊने थांबू नये.

पुढचे सराव धीराच्या वर सांगितलेल्या क्रमानेच लावले आहेत. पहिला सराव विराटाच्या मुदपाकखान्यात घडतो. शिकाऊ खेळाडूने तिथल्या एका पोऱ्याचं पात्र घ्यायचं आहे: नाव त्याचं त्याने ठरवावं, वय बारा ते पंधरा, काम पाणी भरण्याचं आणि भांडी घासण्याचं. बल्लवाची भूमिका जुना खेळाडू करील. हा नवा आचारी चाळीस जणांचं जेवण एकटा उचलतो, जत्रेत आलेल्या मल्लाला लोळवतो, आणि सैरंध्री चुलीपाशी आली की बोलायचं थांबतो, हे पोऱ्याला दिसतं. तो कोण आहे हे खेळणाऱ्या दोघांनाही ठाऊक आहे, पोऱ्याला नाही. पहिले दहा प्रसंग त्याला ते कळू द्यायचं नाही. त्याला काय वाटतं, तो कुणाजवळ काय बोलतो आणि सैरंध्रीला छळणारा कीचक मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना तो बल्लवाला काय विचारतो, एवढं लिहायचं आहे.